घरात दिव्याखाली लावलेल्या टोमॅटो-मिरचीला मळी किंवा काकवी द्यावी का? किती आणि केव्हा?

कोपऱ्यातली_बाग

नमस्कार मंडळी. खोलीत एलईडीखाली लागवड आहे. तपशील असा: १२ लिटरच्या सहा ग्रो बॅगा, चारांत चेरी टोमॅटो, दोनांत लवंगी मिरची. मिश्रण कोकोपीट ४०, गांडूळखत ३०, लाल माती ३० टक्के. दिवा १०० वॅटचा, जागा ४ बाय ३ फूट, रोज १४ तास. पाणी नळाचं, टीडीएस १८० च्या आसपास. खत म्हणजे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के), लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, बॅगेला एक लिटर.

फुलं लागल्यापासून वाण्याकडची बाटलीतली काकवी सुरू केली. लिटरला दोन चहाचे चमचे, दर चार दिवसांनी, बॅगेला एक लिटर. आतापर्यंत सहा वेळा दिली. सध्याची अवस्था: खालची पानं सरसकट पिवळी, मातीला आंबूस वास, वर पांढरी बुरशी, चिलटं भरपूर, आणि दोन टोमॅटोंची बुडं काळी पडलीत.

इंग्रजी व्हिडिओंत सगळे ‘मोलॅसिस’ म्हणतात. काकवी म्हणजे तेच ना? डोस चुकतोय की हा प्रकारच बंद करू? टोमॅटो गोड व्हावेत एवढाच हेतू होता.

गुऱ्हाळाचा_धूर

आधी नावांचा गुंता सोडवू, कारण अर्धा घोळ तिथेच आहे.

काकवी म्हणजे उसाचा अख्खा रस आटवून केलेला पाक. गुऱ्हाळावर रस १०५-१०६ अंशांवर आला की काहिलीतून काकवी काढतात. तसाच पुढे ११८ च्या आसपास नेला की गूळ पडतो. त्यातून साखर काढून घेतलेली नसते. मोलॅसिस म्हणजे साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर कारखान्यात उरणारा काळा, दाट द्रव. रसातले क्षार साखरेबरोबर जात नाहीत, ते मागे राहतात आणि घट्ट होत जातात. म्हणून काकवीत साखर जास्त आणि क्षार कमी, तर मोलॅसिसमध्ये साखर निम्म्यावर आणि क्षार भरपूर. व्हिडिओतला माणूस पोटॅशसाठी, म्हणजे पालाशासाठी, मोलॅसिस देतोय आणि तुम्ही त्याच मापाने जवळजवळ नुसती साखर देताय.

दुसरा घोळ ‘मळी’ या शब्दाचा. वर्तमानपत्रात मळी म्हणजे बहुतेक वेळा मोलॅसिस. शेतकऱ्याकडे ‘कारखान्याची मळी’ मागितलीत तर तो ट्रॉलीभर प्रेसमड दाखवेल, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा काळपट गाळ. ते चांगलं सेंद्रिय खत आहे, पण कुजवल्याशिवाय कुंडीत घालायचं नाही, फार तापतं. आणि नदी काळी झाली की बातमीत येतं ते ‘मळीमिश्रित पाणी’ म्हणजे डिस्टिलरीचा स्पेंटवॉश, दारू गाळल्यावर उरणारं सांडपाणी. तीन वेगळ्या वस्तू, नाव एक.

मोलॅसिसमध्येही प्रकार आहेत. सगळी साखर काढून उरतं ते सी-हेवी. इथेनॉलसाठी साखर अर्ध्यावर सोडून देतात ते बी-हेवी, त्यात साखर जास्त आणि क्षार त्या मानाने विरळ. शिवाय मोलॅसिसपासून दारू बनत असल्याने त्याची ने-आण राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणाखाली येते, कारखान्याच्या गेटवर कॅन घेऊन गेलात तर रिकामा परत आणाल. सुट्टं मिळतं ते पशुखाद्याच्या दुकानात. तिथे एक सावधगिरी: ‘युरिया-मोलॅसिस वीट’ उचलू नका. ती गुरांना चाटायला असते, तिच्यात युरिया आणि मीठ दोन्ही असतं. कुंडीत विरघळवली तर मुळं भाजतील.

कर्ब_नत्र

गुऱ्हाळदादांनी वस्तू ओळखून दिली. आता पानं पिवळी का पडली ते आकड्यांत बघू, कारण हा हिशेब एकदा समजला की डोस स्वतःच काढता येतो.

काकवी आणि मोलॅसिस दोन्ही पाण्यापेक्षा जड, साधारण १.४ पट. म्हणजे ५ मिलिचा चमचा = ७ ग्रॅम. तुमचे दोन चमचे = १४ ग्रॅम काकवी, त्यात अंदाजे १० ग्रॅम साखर. झाडाची मुळं ही साखर खात नाहीत. किंचित शोषण होत असेल, पण त्याआधी मातीतले जिवाणू आणि बुरशी त्यावर तुटून पडतात. झाड स्वतःची साखर पानात बनवतं.

१० ग्रॅम साखरेत ४.२ ग्रॅम कर्ब, म्हणजे कार्बन. जिवाणू त्यातला ढोबळमानाने ४० टक्के स्वतःच्या शरीरात घालतात, बाकी कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. म्हणजे १.७ ग्रॅम कर्बाचे नवे जिवाणू. त्यांच्या शरीरात ८ भाग कर्बाला १ भाग नत्र लागतं. भागाकार केला तर २१० मिलिग्रॅम नत्र. हे ते मातीतून उचलतात, आणि मुळांपेक्षा कितीतरी वेगाने उचलतात.

तुमच्या १९:१९:१९ मधून बॅगेला आठवड्याला मिळतं १९० मिलिग्रॅम नत्र. काकवी आठवड्याला पावणेदोन वेळा, म्हणजे जिवाणूंची मागणी ३७० च्या आसपास. गांडूळखत थोडं देतं, पण भरपाई होत नाही. उपाशी कोण राहिलं ते खालच्या पानांवर दिसतंय. झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला देतं, म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो.

इथे एक खूण पाहून घ्या. पान सगळंच फिकट पिवळं असेल तर नत्र. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. तुम्ही ‘सरसकट’ लिहिलंय, त्यामुळे मी नत्रावर पैज लावतो.

हे नत्र कायमचं गेलेलं नाही. साखर संपली की जिवाणू मरतात आणि दोन-तीन आठवड्यांत ते परत मातीत येतं. फक्त ते परत येईपर्यंत तुम्ही पुढचा डोस देत होतात.

आता खऱ्या सी-हेवी मोलॅसिसचा हिशेब. लिटरला ५ मिलि, म्हणजे ७ ग्रॅम. साखर निम्मी धरली तर ३.५ ग्रॅम, जिवाणूंची नत्राची मागणी ७५ मिलिग्रॅमच्या आसपास, त्यातलं निम्मं मोलॅसिसच्या स्वतःच्या नत्रातून भागतं. म्हणजे नत्राची ओढ काकवीपेक्षा बरीच कमी. पण पालाश? ३ टक्के धरलं तरी लिटरला २१० मिलिग्रॅम. कॅल्शियम ५०-६०, मॅग्नेशियम २५. स्फुरद नावापुरतं. टोमॅटोच्या पूर्ण पोषणद्रावणातच पालाश २०० ते ३०० असतं. खत चालू ठेवून वर चमचाभर मोलॅसिस म्हणजे पालाश जवळपास दुप्पट. मुळाच्या दारात पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकमेकांना ढकलत असतात, पालाश भरमसाट झालं की बाकीचे दोघं बाहेर राहतात. मग लोक लिहितात, ‘मोलॅसिसमध्ये कॅल्शियम असतं तरी बूड का सडलं?’ याच्यामुळे.

तुलनेसाठी: सल्फेट ऑफ पोटॅश, ०:०:५०, अर्धा ग्रॅम एका लिटरला घातलं की तेवढंच २०७ मिलिग्रॅम पालाश मिळतं. साखर नाही, चिकटपणा नाही, मुंग्या नाहीत.

वाफसा

तुमच्या टोमॅटोचं काळं बूड मात्र पालाशामुळे नाही, काकवीत तेवढं पालाशच नसतं. ते कुजकट मातीमुळे आहे. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर फळापर्यंत जातं आणि ती ओढ मुळाच्या टोकाशी जिवंत, श्वास घेणारी पांढरी मुळी असली तरच चालते. आंबूस वास म्हणजे मातीतला ऑक्सिजन संपला आणि आम्लं तयार होताहेत. वाफसाच नाही, म्हणजे मातीत ओलीबरोबर हवाच नाही, तर कॅल्शियम असून नसल्यासारखं. त्यात १९:१९:१९ मध्ये कॅल्शियमचा थेंबही नसतो, आणि त्यातलं बरंचसं नत्र युरिया-अमोनियाच्या रूपात असतं, तेही कॅल्शियमच्या वाटेत उभं राहतं.

आता काय करायचं ते क्रमाने सांगतो.

काकवी बंद. पाणीही बंद, वरची तीन सेंटिमीटर माती कोरडी होईपर्यंत. बॅगेखालची भोकं बुजली असतील तर खिळ्याने मोकळी करा आणि बॅग विटांवर किंवा जाळीवर उचला, ताटलीत साचलेल्या पाण्यात ठेवू नका. वरची पांढरी साय सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मातीसकट खरवडून काढा. ती बुरशी झाडाला खात नाही, साखर खातेय, पण चिलटांच्या अळ्यांना तीच खाऊ आहे. मग विणायच्या सुईने खोडापासून चार बोटं लांब आठ-दहा भोकं, तळापर्यंत.

भरपूर पाणी ओतून ‘धुऊन काढा’ असा सल्ला मिळेल. आत्ता नको. माती आधीच चिखल आहे आणि साखर एव्हाना खाऊन झालेली आहे, धुवायला काही उरलेलं नाही. धुतलं तर राहिलेलं नायट्रेट तेवढं जाईल.

माती कोरडी झाल्यावर पहिलं पाणी कॅल्शियम नायट्रेटचं, लिटरला १ ग्रॅम, बॅगेला ६०० ते ७०० मिलि. लिटरला सुमारे १५५ मिलिग्रॅम नत्र आणि १९० कॅल्शियम मिळतं. पाच-सहा दिवसांनी पुन्हा एकदा. हे १९:१९:१९ किंवा मॅग्नेशियम सल्फेटबरोबर एका बाटलीत घट्ट करून ठेवू नका, खाली पांढरा साका बसेल. तो जिप्सम किंवा कॅल्शियम फॉस्फेट असतो आणि मग झाडाला दोन्ही मिळत नाही. वेगवेगळ्या दिवशी द्या.

पिवळी पानं परत हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून डोस वाढवू नका. शेंड्याचं तिसरं-चौथं पान बघा. दहा-बारा दिवसांत त्याचा रंग सुधारला पाहिजे. काळ्या बुडाची फळं तोडून टाका, ती बरी होत नाहीत. नवीन फळांची बुडं नीट आली की समजा मुळी चालू झाली.

चिलटांसाठी पिवळे चिकट सापळे मातीलगत आडवे, आणि पाण्यात बीटीआय, म्हणजे डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तो बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. मिरचीवर अळीसाठी मारतो तो कुर्स्टाकी प्रकार इथे चालत नाही, दुकानदार दोन्हीला बीटीच म्हणतो.

एनएफटी_वाला

कोणी हायड्रोपोनिक्सवाले, म्हणजे मातीविना नुसत्या खतपाण्यावर झाडं वाढवणारे, हे वाचून टाकीत मोलॅसिस घालतील म्हणून लिहितो. घालू नका.

२५ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन मावतो लिटरला जेमतेम ८ मिलिग्रॅम. एक ग्रॅम साखर पूर्ण खायला जिवाणूंना एक ग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो. लिटरला ५ मिलि मोलॅसिस म्हणजे ३.५ ग्रॅम साखर, म्हणजे साडेतीन हजार मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजनची मागणी आणि घरात आठ. कुठला एअर स्टोन हे भागवणार? दुसऱ्या दिवशी पाइपात शेवाळी बुळबुळीत थर, तिसऱ्या दिवशी मुळं तपकिरी, मग पिथियम, म्हणजे मूळकुज. ठिबकची २ लिटर प्रतितासवाली तोंडं आधी बुजतात, ती पिनेने साफ होत नाहीत, बदलावी लागतात.

नुसत्या कोकोपीटमध्ये, रोज खतपाणी देऊन, वाढवणाऱ्यांनाही हेच. तिथे जिवाणूंनी मोकळं करावं असं मातीत काही साठलेलंच नसतं, मग त्यांना जेवू घालून मिळवायचं काय?

आणि टीडीएस मीटरवर भरवसा ठेवू नका. तो क्षार मोजतो, साखर नाही. काकवीचं पाणी मीटरवर निरागस दिसतं.

कोपऱ्यातली_बाग

सगळ्यांचे आभार. नत्राचा हिशेब वाचून डोळे उघडले. काकवी थांबवली. पण दोन शंका राहिल्याच. एक, ‘शेवटचे दोन-तीन आठवडे मोलॅसिस द्या, गोडी आणि वजन वाढतं’ असं इतके लोक छातीठोक सांगतात, ते सगळेच चुकीचे? दोन, जीवामृतात गूळ असतोच की. शेतात ते चालतं आणि कुंडीत का नाही?

कर्ब_नत्र

पहिल्याचं उत्तर देतो, दुसरं मातीशी रोज हात लावणाऱ्यांनी द्यावं.

ते व्हिडिओ बघा कुठले आहेत. नव्वद टक्के कॅनडा-अमेरिकेतले, आणि झाड आहे गांजाचं. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं कायदेशीर आहेत, त्यामुळे बंद खोलीतल्या लागवडीचं निम्मं ज्ञान त्या लोकांकडून येतं. (आपल्याकडे एनडीपीएस कायदा १९८५ नुसार परवान्याशिवाय ही लागवड गुन्हा आहे, तेव्हा तंत्र घ्या, बी नको.) त्या झाडाचा फुलोरा एकदाच येतो आणि एकदाच कापतात, म्हणून ‘शेवटचे दोन आठवडे’ ही भाषा. चेरी टोमॅटोला शेवट कुठला? त्याच्यावर एकाच वेळी कळी, हिरवं फळ आणि लाल फळ असतं. शेवटचा आठवडा म्हणून तुम्ही जे द्याल ते कुणासाठी तरी पहिला आठवडा असतो.

त्यांच्याकडेही फरक दिसतो तो दोन कारणांनी. मोलॅसिसमधलं पालाश, जे फुलोऱ्यात एरवीही वाढवतातच. आणि जिवंत माती, म्हणजे मोठ्या वाफ्यात कंपोस्ट, पेंडी, आच्छादन असलेली, जिथे जिवाणूंना थोडी साखर दिली तर ते अडकलेलं अन्न मोकळं करतात. साखर थेट फुलात जाते ही समजूत मात्र तिकडेही तितकीच चुकीची आहे.

गोडीचं खरं गणित दिव्यात आहे. तुमचा दिवा खरोखर भिंतीतून १०० वॅट घेत असेल आणि चांगल्या प्रतीचा असेल तर वॅटला सुमारे २.५ मायक्रोमोल (हे झाडाला मिळणाऱ्या प्रकाशकणांचं माप), म्हणजे सेकंदाला २५० मायक्रोमोल प्रकाश. ४ बाय ३ फूट = १.१ चौरस मीटर. १४ तासांत दर चौरस मीटरला सव्वाअकरा मोल, तेही एक किरणही वाया गेला नाही तर. फळ धरलेल्या टोमॅटोला निदान २० तरी हवेत. झाड अर्ध्या पगारावर काम करतंय, साखर कुठून आणणार?

त्यामुळे दोन पर्याय. दुसरा तेवढाच दिवा, किंवा दोन-तीन झाडं कमी करून बाकीची २ बाय अडीच फुटांत आणा आणि तिन्ही बाजूंना पांढरा थर्माकोल उभा करा. तेवढ्या जागेत हिशेब २५ च्या वर जातो, नासधूस धरून २० हाती लागतील. दिवा १६ तास चालवला तरी चालेल. चोवीस तास ठेवू नका, टोमॅटोची पानं अखंड उजेडात पिवळी पडतात, आणि मग त्याचंही खापर काकवीवर फुटेल.

गोडीसाठी अजून एक रस्ता आहे: फळ रंग धरू लागलं की पाणी थोडं ताणायचं. फळ लहान राहतं पण चव दाट होते. क्षार वाढवले तरी तोच परिणाम होतो, मोलॅसिसने ‘गोडी वाढली’ म्हणणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा हेच घडतं. पण बूड काळं पडण्याचा धोका असताना ताण देऊ नका. आधी मुळी सावरू द्या.

शेणामातीचा

ताई/दादा, जे कोणी असाल, जीवामृताचं मी सांगतो.

सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीत एकरी २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, १ ते २ किलो काळा गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ४८ तास सावलीत, दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं. आता एकराचे चौरस मीटर ४,०४७. दोन किलो गूळ त्यावर पसरला तर चौरस मीटरला अर्धा ग्रॅम. तुमच्या बॅगेचं तोंड दहा इंची, ०.०५ चौरस मीटर. त्यात एका वेळी १० ग्रॅम साखर, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम. चारशे पट! शिवाय जीवामृतातला गूळ पिंपातच संपतो, शेतात जातात ते जिवाणू. गूळ हे तिथे विरजणाचं दूध आहे.

बेसन कशाला असतं? कर्ब_नत्र साहेबांनी मांडला तोच हिशेब. बेसनातली प्रथिनं नत्र पुरवतात, म्हणून जिवाणूंना बाहेरून ओढायला लागत नाही. नुसता गूळ-पाणी म्हणजे बेसनाशिवाय पिठलं.

दहा लिटरचं प्रमाण: अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन. आठवड्याच्या आत वापरायचं. कुंडीला दहा पट पाणी घालून. फ्लॅटच्या बंद खोलीत मात्र करू नका, शेजारी सोसायटीत तक्रार करतील. गॅलरीत करा, गाळून आत आणा.

गुऱ्हाळाचा_धूर

आणि खालच्या मजल्यावर मुंग्यांची वारी निघेल ती वेगळी.

पानाआड

एवढं सगळं वाचूनही मोलॅसिस वापरायचंच असेल त्यांच्यासाठी माझं प्रमाण देतो. अट एकच: मातीची कुंडी हवी, निचरा चांगला हवा, मिश्रणात कंपोस्ट निदान चौथा हिस्सा हवं.

खरं मोलॅसिस लिटरला १ ते २ मिलि, १५ दिवसांतून एकदा. काकवी किंवा गूळ असेल तर लिटरला १ ते दीड ग्रॅम, त्याहून जास्त नाही. चमच्याने मोजू नका, अर्धं चमच्यालाच चिकटून राहतं. काट्यावर ७० ग्रॅम मोलॅसिस घ्या, कोमट पाणी घालून ५०० मिलि करा. यातले १० मिलि म्हणजे १ मिलि मोलॅसिस. दहा मिलिची सिरिंज घेतली की काम सोपं. हे पातळ द्रावण फ्रिजमध्ये चार दिवस, बाहेर एक दिवस. बाटलीचं झाकण गच्च लावू नका. आंबायला लागलं की वायू धरतं आणि काचेची बाटली फुटते. मूळ दाट मोलॅसिस मात्र वर्षभर टिकतं, पाण्याचा थेंब आत जाऊ दिला नाही तर.

कुंडी वाफशावर असताना द्या, तुडुंब ओल्या मातीत कधीच नाही. त्या दिवशी १२ लिटरच्या बॅगेला अर्धा लिटर पुरे. पुढच्या पाण्यात नेहमीचं खत. पालाश आधीच भरपूर असलेलं ०:५२:३४ किंवा १३:०:४५ चालू असेल तर मोलॅसिसची गरजच नाही.

आळवणीच करा, म्हणजे मुळाशी मातीत ओता, फवारणी नको. पानावर साखर वाळली की चिकटा होतो, त्यावर काजळी बुरशी धरते. घरात वारा आणि पाऊस नसतो, म्हणजे धुऊन जाण्याचीही सोय नाही.

गांडूळखताचं हवा दिलेलं पाणी करणाऱ्यांनी: २० लिटर पाणी, एक किलो पिकलेलं गांडूळखत मलमलीच्या पुरचुंडीत, मोलॅसिस जास्तीत जास्त ५० मिलि, मत्स्यालयाचा पंप सलग २४ तास. पंप बंद केल्यापासून चार तासांत वापरा. आंबूस किंवा सडका वास आला तर झाडाला नाही, गटारात. आणि एक गोष्ट गंभीरपणे घ्या: खतात ई. कोलाय किंवा साल्मोनेलाचे थोडे जंतू असतील तर साखर घातल्यावर तेही वाढतात. म्हणून हे पाणी कोथिंबीर, पालक, लेट्यूस अशा कच्च्या खायच्या पानांवर पडू देऊ नका. टोमॅटोच्या मातीत द्या, फळांवर उडवू नका.

परिणाम होतो की नाही हे कळायला दोन कुंड्यांना द्या, दोनांना साधं पाणी तेवढंच. सगळ्या कुंड्यांना दिलं की माणूस स्वतःलाच पटवून घेतो.

वाफसा

यात थोडी भर. मातीत साखर ओतून ती पाण्याने गच्च केली की काय होतं, हे जपान, नेदरलँड्स आणि कॅलिफोर्नियातले लोक मुद्दाम करतात. स्ट्रॉबेरी लावण्याआधी मातीत मोलॅसिस किंवा भाताचा कोंडा घालून, भिजवून, प्लास्टिकने झाकून ठेवतात. ऑक्सिजन संपतो, आम्लं तयार होतात, रोगाची बुरशी मरते. मग प्लास्टिक काढून माती मोकळी होऊ देतात आणि त्यानंतर रोप लावतात. तुमच्या बॅगेत छोट्या प्रमाणावर तेच झालं, फक्त रोप आधीच आत होतं.

गुऱ्हाळाचा_धूर

मोलॅसिसमधलं पोटॅश साखर वगळून हवं असेल तर तीही सोय झाली आहे. डिस्टिलरीचा स्पेंटवॉश बॉयलरमध्ये जाळून जी राख राहते तिच्यापासून पीडीएम नावाचं खत करतात, निदान १४.५ टक्के पालाशचं. पण ते पोत्यात येतं आणि शेतासाठी आहे. सहा बॅगांच्या मालकाने शंभर-दोनशे ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅशच घ्यावं.

कोपऱ्यातली_बाग

ठरलं. वाफसादादांच्या क्रमाने आज खरवडून, भोकं पाडून ठेवलं. तीन टोमॅटो गॅलरीत हलवतेय, उरलेला एक टोमॅटो आणि दोन मिरच्या दिव्याखाली जवळजवळ. गॅलरीत हलवताना काही काळजी? आणि पाऊण बाटली काकवी उरलीय, तिचं काय करू?

वाफसा

ताई, गॅलरीत एकदम कडक उन्हात नेऊ नका. दिव्याखालचं पान पातळ असतं, दुपारच्या उन्हात पांढरं पडून करपतं. पहिले तीन दिवस सकाळचं तासभर ऊन, मग रोज तासभर वाढवत आठवड्यात पूर्ण. तिथे पाणी लवकर सुकेल, बोट दोन पेरं घालून बघूनच द्या. आत राहिलेल्या टोमॅटोच्या फुलांचे घोस दुपारी हलकेच टिचकीने हलवा, खोलीत वारा नसतो आणि पराग झडत नाही.

शेणामातीचा

काकवी ज्वारीच्या भाकरीबरोबर, वर तूप. त्यातली एक चमचा बाजूला काढा, तेवढंच व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. वाटीवर कागद ताणून पेन्सिलने चार भोकं पाडा आणि कुंड्यांपासून दोन फूट लांब ठेवा. फळमाश्या त्यात पडतील. मातीतली काळी चिलटं याला फारशी भुलत नाहीत, त्यांना बीटीआय आणि कोरडी माती हेच औषध. वाटी तीन दिवसांनी बदला, नाहीतर तिच्यातच अळ्या होतात.